घरातले आणि कामाच्या जागेतले कोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घट बसायच्या आधी घरं आवरायला निघतात, माळे उपसले जातात आणि मग कोळ्यांबद्दलचे प्रश्न सुरू होतात. कोणता फवारा आणू? कोणाला बोलावू? चावला तर? आमच्या सोसायटीच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं बघते आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत हमखास येतात. इतक्या वर्षांत कोळ्याने कोणाला इजा केल्याचं मी पाहिलेलं नाही. कोळी घालवायच्या नादात स्टुलावरून पडलेले, फवाऱ्याने घुसमटलेले लोक मात्र पाहिले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरात दिसणारे कोळी विषारी असतात का?

जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे विष असतं, पण ते माशी, डास, झुरळ यांना गारद करण्यापुरतं. आपल्याकडच्या घरांत नेहमी दिसणाऱ्या कोळ्यांपैकी बहुतेकांना माणसाची कातडी नीट भेदताही येत नाही.

आपल्या भिंतींवर मुख्यतः तीन प्रकार असतात. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, काड्यांसारख्या लांब पायांचा, काडी लावली की गदागदा हलायला लागणारा तो पहिला. घरातली बहुतेक जळमटं याचीच. दुसरा म्हणजे रात्री बाथरूमच्या भिंतीवर अचानक दिसणारा, पाय पसरले की तळहात व्यापेल एवढा, चपटा, तपकिरी. याला इंग्रजीतल्या नावावरून हंट्समन म्हणतात. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही, धावून झुरळं पकडतो. त्याच्या पोटाखाली पांढरी चपटी टिकली दिसली तर ती मादी आहे आणि ती टिकली म्हणजे तिची अंड्यांची पिशवी. तिसरा छोटा, केसाळ, टपोऱ्या डोळ्यांचा, टुणकन उडी मारणारा. खिडकीच्या काचेवर माश्या धरत बसतो. संगणकाच्या पडद्यावर बाण हलवला तर त्याच्याही मागे धावतो. लहान मुलांना कोळ्याची भीती वाटत असेल तर ओळख याच्यापासून करून द्यावी.

सह्याद्रीतल्या गावांत, आंबोलीसारख्या जंगलालगतच्या भागात आणि गोव्यात मोठे केसाळ टॅरँटुला असतात. ते बिळांत किंवा झाडांच्या ढोल्यांत राहतात आणि पावसाळ्यात कधीतरी अंगणात येतात. त्यांना हात लावू नये. त्यांचा चावा चांगलाच दुखतो. मारायचीही गरज नाही, वाट मोकळी दिली की निघून जातात.

सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा पट्टा दिसला. सगळे म्हणतात अंगावर कोळी फिरला. खरं आहे का?

नाही. मला सर्वांत जास्त तळमळीने उत्तर द्यावंसं वाटतं ते याच प्रश्नाचं.

कोळी अंगावरून फिरला, मुतला किंवा चिरडला म्हणून असे फोड येत नाहीत. पावसाळ्यात रात्रीतून उमटणारा, ओरखड्यासारखा लांबट, आग होणारा पट्टा बहुतेक वेळा पीडेरस नावाच्या एका भुंगेऱ्याचा असतो. हा किडा सेंटिमीटरभरही नसतो, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा, घाईत पाहिलं तर मुंगीच वाटतो. ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. तो मानेवर बसतो, आपण झोपेत हाताने चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. फोड लगेच येत नाहीत, बारा तास ते दोन दिवसांनी दिसतात. तोवर किडा कोणाच्याच लक्षात राहिलेला नसतो आणि भिंतीवरचा कोळी मात्र समोर दिसत असतो. कोपराच्या घडीत असा रस लागला तर दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे सारखे चट्टे उमटतात, तीही याची खूण.

असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन झटका. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, आणि धुण्याआधी तो हात डोळ्याला लावू नका. चट्टे साधारण आठ-दहा दिवसांत बरे होतात. डोळ्याजवळ असतील किंवा फार पसरले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आता दुसरी शक्यता, आणि ती जास्त महत्त्वाची. शरीराच्या एकाच बाजूला, कमरेभोवती, छातीवर किंवा कपाळावर पट्ट्यासारखे पाणीदार फोड असतील आणि त्याआधी दोन-तीन दिवस तिथे ठणका किंवा जळजळ असेल, तर ती नागीण असू शकते. हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा उठतो. माझ्या आईला झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी कोळी म्हणून आधी गेरू लावायला सांगितला. त्यात चार दिवस गेले. नागिणीवरची विषाणूरोधक गोळी फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती वेळ हुकली आणि फोड सुकल्यावरही आईची बरगडी कित्येक महिने ठणकत राहिली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूतही खोटी आहे, पण उशीर खरोखर महागात पडतो. फोड डोळ्याच्या आसपास असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोळी खरंच चावला तर काय करायचं?

जागा साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा आणि खाजवू नका. ब्लेडने कापणं, रक्त चोखणं, चुना किंवा टूथपेस्ट लावणं यातलं काहीही नको. बहुतेक वेळा मुंगी चावल्यावर येते तशी गांधी येते आणि एक-दोन दिवसांत जाते. लाली पसरत असेल, पू होत असेल, ताप किंवा स्नायूंत गोळे येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास होत असेल किंवा ओठ-चेहरा सुजत असेल तर थेट १०८ ला फोन करा.

पण काय चावलं हे दिसलं नसेल तर "कोळीच असेल" असं म्हणून झोपून जाऊ नका. खेड्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार चावते तेव्हा कित्येकदा वेदना नसते, दातांची खूणही दिसत नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो, बोलणं अडखळतं. हा सर्पदंश आहे, आणि त्यावरचा इलाज सर्पविषावरच्या इंजेक्शनाची सोय असलेल्या रुग्णालयातच होतो. कोकणात दुसरी शक्यता लाल विंचवाची. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड असं काही झालं तर एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने या दंशातले असंख्य जीव वाचवले. त्यासाठी रोगी वेळेत पोहोचला पाहिजे, एवढंच आपल्या हातात असतं.

जखमेवर कोळ्याचं जाळं लावलं की रक्त थांबतं म्हणतात. लावावं का?

लावू नये. जाळ्याला धूळ, मेलेले किडे, पालीची विष्ठा असं सगळं चिकटलेलं असतं. स्वच्छ कापडाने दाबून धरा, रक्त थांबतं. जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे दर आठवड्याला जळमटं काढूनही पुन्हा होतात. शेजारी मात्र काहीच नाही. असं का?

तुमच्याकडे कोळ्यांना खायला मिळतं म्हणून. कोळी धान्य, भाकरीचे तुकडे, साखर यांच्यासाठी येत नाही, तो किड्यांसाठी येतो. म्हणून जळमट ही किड्यांची निशाणी समजावी. कुठे झाली आहेत ते पाहा. दाराबाहेरच्या दिव्याभोवती असतील तर दिव्यावर पाखरं येताहेत. सिंकखाली असतील तर तिथे झुरळं किंवा गळकी नळी आहे. खिडकीच्या एकाच कोपऱ्यात असतील तर त्या कोपऱ्यातली मच्छरजाळी फाटलेली असेल.

आमच्या दोन इमारतींत हाच फरक होता. एकीच्या जिन्यात पांढरेशुभ्र दिवे रात्रभर जळायचे आणि प्रत्येक मजल्यावर कोपरे जाळ्यांनी भरलेले असायचे. तिथे पिवळसर एलईडी बसवले आणि माणूस आला तरच लागतील अशी सोय केली. एकदाही काही फवारलं नाही, तरी पुढच्या पावसाळ्यात जिना झाडणाऱ्या मावशींनी स्वतःहून येऊन सांगितलं की जाळी कमी झाली.

फवारा मारला की जातील ना?

समोरच्या कोळ्यावर थेट मारला तर तो मरेल. पण भिंतीला औषध मारून ठेवलं की कोळी येणार नाहीत, ही अपेक्षा बहुधा पुरी होत नाही. झुरळ किंवा मुंगी भिंतीला घासत चालते, मिशा-पाय चाटूनपुसून साफ करते, त्यातून औषध तिच्या अंगात जातं. कोळी पायांच्या टोकांवर उभा असतो. जाळ्यातला तर भिंतीला जेमतेम टेकतो. त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. आपण मात्र त्याच भिंतीला टेकून बसतो आणि बाळ त्याच फरशीवर रांगतं. झुरळांसाठीचा खडू किंवा डासांचं प्लगमधलं औषध कोळ्यांवर वापरायला तर काहीच अर्थ नाही.

डब्यातल्या फवाऱ्याचा वायू ज्वलनशील असतो. गॅस पेटलेला असताना ओट्याखाली, देवघरात समई तेवत असताना किंवा तापलेल्या विजेच्या उपकरणाजवळ तो कधीही मारू नका.

मग नेमकं काय करायचं?

पहिलं काम झाडायचं. लांब दांड्याचा कोरडा ब्रश जाळ्यात घालून फिरवायचा, म्हणजे जाळं त्याला गुंडाळून येतं. ओलं फडकं आधी लावलं तर धूळ भिंतीवर फासली जाते. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, अंड्यांच्या पिशव्याही त्यातच जातात. झाल्यावर ब्रश खिडकीबाहेर न झटकता कचऱ्यात साफ करा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर सगळं पडतं. वर्षातून एकदा दिवाळीला दोन दिवस राबण्यापेक्षा पंधरवड्यातून वीस मिनिटं दिली तर खूप फरक पडतो. दम्याच्या माणसाने हे काम करू नये, आणि करणाऱ्याने नाका-तोंडाला मास्क बांधावा.

दुसरं, भेगा बुजवा. एसीची नळी भिंतीतून जाते तिथलं भोक, वॉश बेसिनच्या पाइपभोवतीची फट, दाराखालची मोकळी जागा. पुट्टी, एम-सील, सिलिकॉन आणि दाराला खालून लावायची रबरी पट्टी एवढ्यात काम होतं. यानेच झुरळं, गोमा आणि विंचूही अडतात. एक काम कोळ्यासाठी म्हणून केलं आणि चार संकटं टळली, असं दुसऱ्या कुठल्याच उपायात होत नाही.

तिसरं, पसारा. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, रद्दीचे गठ्ठे, गच्चीवरच्या जुन्या कुंड्या. खोक्यांऐवजी झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वापरा आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

शिडीवर चढून छत साफ करायचं आहे. काही काळजी?

पंखा बंद करा, नुसतं बटण नाही, मेन स्विचही. शिडी एकाने धरायची. खुर्चीवर स्टूल हा प्रकार नको. आणि साठीच्या पुढच्या कोणीही चढू नये, हे मी दर दिवाळीला सांगते. लांब दांडा मिळतो तो याचसाठी.

भिंतीवर भला मोठा कोळी बसलाय आणि मुलगी खोलीत जायला तयार नाही. आत्ता काय करू?

एक मोठा पारदर्शक डबा आणि जाड कागद घ्या. कोळ्यावर डबा हळूच पालथा घाला, कागद भिंत आणि डबा यांच्यामध्ये सरकवा, तसाच धरून गॅलरीच्या कठड्याबाहेर किंवा खाली झाडाशी सोडा. घाईने झाडू मारलात तर तो वेगाने पळतो आणि कपाटामागे जातो, मग रात्रभर कोणालाच झोप नाही. चपलेने मारण्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. जमिनीवर धावणाऱ्या काही जातींच्या माद्या पिल्लं पाठीवर घेऊन फिरतात, आणि फटका बसला की डझनावारी पिल्लं खोलीभर पसरतात.

आणि मुलीला तिच्या भीतीवरून हसू नका. ती भीती खरी असते.

पुदिन्याचं तेल, लिंबू, कापूर, धूप यांचा उपयोग होतो का?

पुदिन्याच्या तेलाने काही जातींचे कोळी काही वेळ दूर राहतात, पण वास उडाला की परततात. लिंबावर भरवसा ठेवू नका. कापराच्या वड्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवणं मात्र लहान मुलांच्या घरात धोक्याचं आहे. खडीसाखर समजून मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात. बंद खोलीतल्या धुराने कोळ्याआधी आजोबांना खोकला होतो. आवाजाच्या लहरींनी किडे पळवणारी प्लगमधली यंत्रं विकत घेऊ नका, पैसे वाया जातात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंच तर काय विचारायचं?

नुसत्या कोळ्यांसाठी सहसा बोलवावं लागत नाही. झुरळं वाढली असतील तर जरूर बोलवा, ती घटली की कोळीही घटतात. आल्यावर आधी परवाना दाखवायला सांगा. कीटकनाशकांचा कायदा १९६८ पासून आहे आणि फवारणीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. मग औषधाची मूळ बाटली पाहा. तिच्यावरच्या चौकोनातला रंग पाहा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून आणलेलं, लेबल नसलेलं औषध घरात मारू देऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. डायक्लोरव्हॉस या जुन्या जहाल औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणी "जुना स्टॉक आहे, फार जोरदार" म्हणून तेच आणत असेल तर दारातूनच परत पाठवा.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन नावाचा प्राणघातक वायू सोडतात. त्या राहत्या घरात कोळी, ढेकूण, उंदीर यांपैकी कशासाठीही ठेवायच्या नाहीत. शेजारच्या बंद फ्लॅटमध्ये ठेवल्या तरी तो वायू भिंतीतल्या फटींतून आणि नळ्यांवाटे तुमच्या घरात येऊ शकतो. असं काही कळलं तर सगळ्यांनी आधी बाहेर पडा आणि मग मदतीला फोन करा.

घरात मांजर आणि माशांची टाकी आहे.

मग फवारणी आणखीच टाळा. परमेथ्रिनसारखी औषधं माणसाला तुलनेने सौम्य असली तरी मांजराच्या शरीराला ती नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत, आणि माशांना तर अत्यल्प मात्राही मारते. करावीच लागली तर मांजर दुसरीकडे ठेवा, टाकी पूर्ण झाका आणि तिचा हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवा पाण्यात सोडतो. फरशी सुकून घर मोकळं झाल्यावरच परत आणा. पुदिन्याचं तेलही मांजराला चालत नाही.

ऑफिसात, गोदामात काही वेगळं करावं लागतं का?

तत्त्व तेच, पण काही जागा खास. सीसीटीव्ही कॅमेऱ्याभोवती रात्री जी अदृश्य किरणांची रोषणाई असते तिच्यापाशी किडे जमतात, मग कोळी भिंगासमोरच जाळं विणतो आणि रात्रभर पडद्यावर पांढरे धागे हलताना दिसतात, सूचनेची घंटा वाजत राहते. आठवड्याला कोरड्या मऊ ब्रशने पुसणं आणि जमलं तर रोषणाईचा दिवा कॅमेऱ्यापासून दूर लावणं, एवढा उपाय पुरतो. धूर ओळखणाऱ्या यंत्रात छोटा कोळी शिरला तरी खोटी घंटा वाजते. तिथे फवारा मारू नका, यंत्र बिघडतं. देखभालीच्या माणसाला बोलवा. विजेच्या पॅनेलमधली जाळी फक्त इलेक्ट्रिशियनने, वीज बंद करून काढायची.

गोदामात जुने खोके उचलताना जाड हातमोजे हवेत. आणि ठेवून दिलेले बूट, हातमोजे, हेल्मेट घालण्याआधी झटकून पाहायची सवय प्रत्येक कामगाराला लावायला हवी. तिथे कोळी कमी, विंचू जास्त निघतात. माल चढवायच्या दाराचा दिवा दारावर न लावता समोरच्या खांबावर लावून तो दाराकडे वळवला तर पाखरं खांबापाशीच राहतात.

खाद्यपदार्थांच्या कामात उपद्रवी किडे रोखणं अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे "कोळी निरुपद्रवी आहे" म्हणून सोडून चालत नाही. पण इलाज ब्रश, मच्छरजाळी आणि बंद दारं हाच. तयार अन्नावर फवारा उडणं हे जाळ्यापेक्षा कितीतरी वाईट.

कुंड्यांत आणि अंगणात मोठी गोल जाळी आहेत. काढू का?

येण्याजाण्याच्या वाटेवर असतील तर काठीने बाजूला करा, नाहीतर राहू द्या. जाळ्याच्या मध्यभागी पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून बसणारा कोळी मला फार आवडतो. तो पानं खाणारे टोळ-नाकतोडे धरतो. भातखाचरांतले कोळी तुडतुड्यांवर जगतात, आणि तिथे नको तेव्हा फवारणी केली की कोळी आधी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात.

कपाटामागे पांढऱ्या कापसासारखा गोळा दिसतो. तो काय?

बहुधा अंड्यांची पिशवी. एकेका पिशवीत जातीप्रमाणे काही डझन ते काहीशे पिल्लं असतात, म्हणून घरात नको असेल तर आत्ताच कागदावर खरवडून घ्या आणि बाहेर झाडाच्या बुंध्याशी ठेवा. त्याच्या आसपास जाळ्यात लटकलेले पोकळ, पारदर्शक "मेलेले कोळी" दिसले तर ती वाढताना टाकलेली कात आहे. ती झाडूनच टाका.